दाराभोवतीची जागा

जुन्या घराचं दार अडायला लागलं की पहिला संशय बिजागरीवर जातो. तिच्यात तेल सोडलं जातं, स्क्रू आवळले जातात, आणि तरीही दार घासतच असेल तर कडेवरून रंधा फिरतो. चार महिन्यांनी हवा कोरडी होते, तेच दार चौकटीत सैल पडतं, कडी कोयंड्यावर येत नाही, आणि फटीतून वारा शिरतो. बिजागरीचा यात काहीच दोष नव्हता. झाड पडून शंभर वर्षं झाली तरी लाकूड हवेतला ओलावा घेत आणि सोडत राहतं, फुगतं आणि आक्रसतं. ज्याने ते दार पहिल्यांदा घडवलं त्या सुताराला हे पुरतं ठाऊक होतं. म्हणून त्याने दारात जागोजागी बारीक बारीक जागा सोडल्या होत्या. खोबणीत दोन मिलिमीटर, चौकटीपाशी तीन, उंबरठ्यावर पाच. पुढच्या पिढ्यांनी त्या रंगाच्या थरांनी, खिळ्यांनी आणि सिमेंटने बुजवल्या. जुन्या घरासाठी नवं दार किंवा खिडकी घडवताना सगळं कसब या जागा ओळखण्यात आणि त्या पुन्हा तेवढ्याच सोडण्यात आहे, असं माझं ठाम मत आहे. नक्षी त्याच्या नंतर येते.

लाकूड सगळ्या दिशांना सारखं हलत नाही. लांबीत ते जवळजवळ हलतच नाही. दोन मीटरची उभी पट्टी हवा बदलली म्हणून लांबत नाही. रुंदीत मात्र हलतं, आणि तेही दोन तऱ्हांनी. खोडाच्या गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेत कमी, आणि वाढीच्या वलयांना धरून जाणाऱ्या दिशेत त्याच्या साधारण दुप्पट. ओलं सागवान पूर्ण कोरडं होईपर्यंत पहिल्या दिशेत सुमारे २.५ टक्के आक्रसतं, दुसऱ्या दिशेत सुमारे ५.८ टक्के. पांढऱ्या ओकचे हेच आकडे सुमारे ५.६ आणि १०.५ आहेत. दारं-खिडक्यांसाठी सागाला इतका मान का, याचं अर्धं उत्तर या आकड्यांत आहे. उरलेलं अर्धं त्यातल्या नैसर्गिक तेलात.

हिशेब करून पाहण्यासारखा आहे. लाकूड आक्रसू लागतं ते त्यातला ओलावा साधारण ३० टक्क्यांच्या खाली उतरल्यावर. दमट दिवसांत १४ टक्के ओलावा असलेली फळी कोरड्या दिवसांत १० टक्क्यांवर आली, म्हणजे एकूण प्रवासातल्या तीस पावलांपैकी चार पावलं चालली. २०० मिलिमीटर रुंदीची सागाची फळी, जिची वलयं रुंदीला समांतर आहेत, ती एवढ्यात दीड मिलिमीटर अरुंद होते. तशीच ओकची फळी पावणेतीन मिलिमीटर. आणि तीच सागाची फळी वलयं जाडीत उभी राहतील अशी चिरलेली असेल, तर पाऊण मिलिमीटरही नाही. एकाच झाडाच्या, एकाच मापाच्या दोन फळ्यांत दुपटीहून जास्त फरक, आणि तो केवळ चिरण्याच्या पद्धतीमुळे. म्हणून फळी घेताना तिचा पृष्ठभाग पाहण्याआधी तिचं कापलेलं टोक पाहावं. तिथे वलयं उभी दिसली तर ती फळी दाराच्या उभ्या पट्ट्यांसाठी बाजूला काढावी. वलयं आडवी, चापासारखी दिसली तर ती पॅनेलसाठी, म्हणजे पट्ट्यांच्या मधल्या रुंद फळीसाठी चालेल. टोकावर गाभ्याचा मधला ठिपकाच आला असेल, तर ती फळी तडकणार हे धरून चालावं.

लाकूड किती वाळलंय, हे हात लावून कळतं असं पुष्कळजण सांगतात. कळत नाही. दोन टाचण्यांचं ओलावा मोजायचं यंत्र वापरावं, आणि तेही फळीच्या टोकावर न लावता मध्यावर, ताज्या कापलेल्या भागावर लावावं, कारण टोकं आणि बाहेरचा थर आधी वाळतात आणि आकडा फसवा मिळतो. यंत्र नसेल तर शाळेतल्या प्रयोगासारखी जुनी रीत आहे: मध्यावरून एक तुकडा कापायचा, वजन करायचं, साधारण १०३ अंश सेल्सिअसच्या भट्टीत वजन उतरायचं थांबेपर्यंत ठेवायचा, पुन्हा वजन करायचं. ११२ ग्रॅमचा तुकडा १०० वर स्थिरावला, तर ओलावा १२ टक्के. बाहेरच्या दारा-खिडक्यांसाठी १२ ते १४ टक्के ओलाव्याचं लाकूड बेताचं. त्याहून ओलं लाकूड सांधे उघडे पाडतं. फार कोरडं लाकूड पहिल्याच दमट ऋतूत चौकटीत रुतून बसतं. दर इंच जाडीला एक वर्ष वाळवण हा जुना ठोकताळा आजही खोटा नाही, फक्त थरांमध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या एकाखाली एक, एकाच रेषेत हव्यात. त्या रेषा चुकल्या की फळ्या वाळता वाळताच वाकतात.

आता मापं. जुन्या घराच्या भिंतीतलं उघडं माप काटकोनात असेल, ही आशा सोडूनच टेप बाहेर काढावा. रुंदी तीन ठिकाणी घ्यावी: वर, मध्ये, खाली. उंची तीन ठिकाणी. मग दोन्ही कर्ण. ९०० बाय २१०० मिलिमीटरच्या काटकोनी चौकटीचा कर्ण २२८५ येतो. एक कर्ण २२९१ आणि दुसरा २२७९ आला, तर बारा मिलिमीटरचा फरक म्हणून दुर्लक्ष करायचा मोह होतो. पण त्याचा अर्थ चौकटीची वरची बाजू खालच्यापेक्षा सुमारे पंधरा मिलिमीटर एका अंगाला सरकलेली आहे. शिवाय ओळंबा दोन्ही दिशांना लावायचा. चौकटीची दोन उभी लाकडं एकाच पातळीत नसतील, एक आत आणि एक बाहेर कलली असेल, तर अगदी सरळ केलेलं दारसुद्धा एका कोपऱ्यात टेकेल आणि दुसऱ्यात उघडं राहील. दोन दोऱ्या कर्णांवर ताणाव्यात. जिथे त्या एकमेकींना ओलांडतात तिथे नुसत्या स्पर्शल्या पाहिजेत. दोन दोऱ्यांमध्ये अंतर दिसलं की चौकट पिळलेली आहे, आणि त्या अंतराच्या दुप्पट पीळ कोपऱ्यावर आहे.

आकडे वहीत लिहिण्यापेक्षा एका सरळ पट्टीवर उतरवावेत. माणसाच्या उंचीची बारीक लाकडी पट्टी घ्यायची, ती थेट चौकटीला लावायची, आणि तिच्यावर चौकटीची उंची, आडव्या पट्ट्यांच्या जागा, कुलपाची उंची, बिजागऱ्यांचे काप, सगळं खऱ्या मापात टोकदार सुरीने खुणावायचं. दुसऱ्या बाजूवर रुंदी. पुढे कामाच्या टेबलावर प्रत्येक तुकडा टेपने न मोजता या पट्टीवर ठेवून खूण करायची. टेपचा आकडा वाचताना, लक्षात ठेवताना आणि पुन्हा आखताना प्रत्येक वेळी अर्धा-अर्धा मिलिमीटर सांडतो. पट्टीवर सांडायला काहीच नसतं.

चौकट कललेली असली आणि ती मूळचीच असली, तर तिला सरळ करायला जाऊ नये. भिंतही तिच्याबरोबर बसलेली असते. अशा चौकटीत काटकोनी दार लावलं की फट वर बारीक आणि खाली रुंद दिसते, आणि नजर फटच टिपते. कडेची पट्टी तिरकी तासून फट सारखी केली, तर पट्टी खाली १०० आणि वर ८५ मिलिमीटर होते; तेही दिसतं. चांगला मार्ग थोडा मेहनतीचा आहे. चौकटीचा कोन तिरक्या गुण्यावर घ्यायचा आणि आडव्या पट्ट्यांचे खांदे, म्हणजे उभ्या पट्टीला टेकणाऱ्या त्यांच्या टोकाच्या कडा, त्याच कोनात कापायचे. दार मग स्वतःच तेवढं कललेलं जन्माला येतं, सगळ्या पट्ट्या सारख्या रुंदीच्या राहतात, आणि बघणाऱ्याला काहीच खटकत नाही. उघडमिटीला यातून अडचण येत नाही, फक्त बिजागऱ्यांच्या बाजूचं उभं लाकूड किती कललंय हे आधी पाहावं लागतं, नाहीतर दार आपोआप उघडत किंवा मिटत राहतं.

यानंतर येतं ते सांध्यांचं काम, आणि इथे घाई करणाऱ्याचं दार दहा वर्षांत खांदे पाडतं. आडव्या पट्टीच्या टोकाला कोरलेली जीभ म्हणजे कुसू, आणि उभ्या पट्टीत ती ज्यात शिरते ती आरपार खाच. कुसवाची जाडी दाराच्या जाडीच्या एक-तृतीयांश. ४५ मिलिमीटरच्या दाराला १५ मिलिमीटर. नेमका आकडा मात्र पटाशीच्या रुंदीवरून ठरवावा, कारण खाच पटाशीच्या रुंदीचीच होणार असते. खाच आखायच्या गेजच्या दोन टाचण्या पटाशीच्या रुंदीवर लावून घेतल्या की आखणी चुकत नाही. खाच आधी, कुसू नंतर: खाच एकदा झाली की बदलत नाही, कुसू मात्र रंध्याने एकेक पापुद्रा कमी करत तिच्या मापाला आणता येतं. बरोबर बसलेलं कुसू हाताच्या दाबाने अर्धं जातं आणि उरलेलं मोगरीच्या हलक्या ठोक्यांनी. नुसत्या हाताने पूर्ण गेलं तर ते सैल आहे. मोगरी जोरात मारावी लागली तर उभी पट्टी चिरणार आहे.

तळाची आडवी पट्टी २०० मिलिमीटर किंवा त्याहून रुंद असते. तिला सलग १८० मिलिमीटरचं एकच कुसू ठेवलं तर दोन गोष्टी बिघडतात. एवढ्या लांब खाचेने उभी पट्टी पोकळ होते, आणि रुंद कुसू आक्रसलं की दोन्ही कडांनी सैल पडतं. म्हणून त्याची दोन कुसवं करायची, मध्ये जागा सोडायची, आणि त्या जागेत दहा-बारा मिलिमीटरची आखूड जीभ ठेवायची, म्हणजे पट्टी पिळणार नाही. मधल्या पट्टीचंही तसंच. आणि कुलूप बसवताना त्या दोन कुसवांच्या मधल्या जागेत बसवायचं. कितीतरी जुनी, धडधाकट दारं नेमकी या एका चुकीने मेली आहेत: कुणीतरी नंतर मोठं कुलूप आणलं, मधल्या पट्टीच्या टोकाशी खोल खड्डा कोरला, कुसू कापलं गेलं, आणि दार त्या जागी गुडघ्यात मोडल्यासारखं लवलं.

उभ्या पट्ट्या कापताना वर-खाली चाळीस-पन्नास मिलिमीटर जास्त ठेवायच्या. त्या वाढीव टोकांना शिंगं म्हणतात. वरच्या पट्टीची खाच उभ्या पट्टीच्या अगदी टोकाजवळ येते, आणि पाचर ठोकताना तिथलं लाकूड फुटायला टपलेलं असतं. शिंग ते धरून ठेवतं. दार लावायच्या आदल्या दिवशी शिंगं कापायची. तोवर ती दाराचे कोपरेही सांभाळतात.

आता सांधा बांधायची ती रीत, जिच्यामुळे सरस कुजून गेल्यावरही दार शतकभर उभं राहतं. उभ्या पट्टीत खाचेच्या आरपार एक भोक पाडायचं, दहा मिलिमीटरचं, खाचेच्या आतल्या कडेपासून बारा-पंधरा मिलिमीटरवर. भोकामागे टाकाऊ लाकूड धरावं, म्हणजे पलीकडे फुटत नाही. मग कुसू रिकामं आत सारायचं, खांदा घट्ट टेकवायचा, आणि त्याच भोकातून गिरमिटाचं टोक दाबून कुसवावर खूण घ्यायची. कुसू बाहेर काढायचं. आणि आता कुसवाचं भोक त्या खुणेवर पाडायचं नाही. खांद्याच्या दिशेला दीड ते दोन मिलिमीटर सरकवून पाडायचं. देवदारासारख्या मऊ लाकडात तीनपर्यंत. पुन्हा जोडलं की तीन भोकं एका रेषेत नसतात, मधलं जरा आत असतं. त्यातून निमुळती खुंटी ठोकली की ती वाकत वाकत जाते आणि कुसवाला खांद्यापर्यंत ओढून घेते. शिकंज्याची गरज उरत नाही. खुंटी करवतीने कापलेली नसावी, फोडलेली असावी. कोरडं, सरळ रेषांचं कठीण लाकूड पटाशीने उभं फोडायचं, मग तासून गोल करायचं. फोडलेल्या खुंटीत तंतू टोकापासून टोकापर्यंत सलग जातात, म्हणून ती वाकते. कापलेल्या खुंटीत ते मध्येच तुटलेले असतात, आणि ती त्याच जागी मोडते. ठोकताना आवाज ऐकावा. पोकळ टक्-टक् हळूहळू भरीव होत जातो, आणि भरीव झाला की थांबायचं. सरकवण्याची दिशा चुकली, म्हणजे भोक खांद्यापासून दूर पाडलं गेलं, तर खुंटी सांधा बंद करण्याऐवजी उघडते. म्हणून कुसवावर बाण काढून ठेवण्याची सवय चांगली.

आरपार कुसवाला बाहेरून पाचरीही असतात. त्यासाठी खाच बाहेरच्या अंगाला दोन्ही टोकांना तीन-चार मिलिमीटर रुंदावायची, म्हणजे पाचर मारल्यावर कुसू आत अडकलेल्या मुठीसारखं फाकतं. दोन्ही पाचरी आळीपाळीने, सारख्या ठोक्यांनी माराव्यात. एकच बाजू जोरात मारली की पट्टी सरकते आणि कोन बिघडतो.

जोडणीच्या वेळी दाराच्या वरच्या आणि खालच्या टोकांवर एकेक सरळ पट्टी आडवी ठेवायची, डोळा खाली आणून दोन्हींच्या वरच्या कडा जुळतात का पाहायचं. जुळल्या नाहीत तर दार पिळलंय, आणि सरस वाळायच्या आतच ते सुधारता येतं. पुष्कळदा दोष लाकडात नसतोच. दार ज्या दोन ठोकळ्यांवर ठेवून जोडलं, त्यांतला एक उंच असतो.

पॅनेल ही दाराची सगळ्यात रुंद फळी, म्हणून सगळ्यात जास्त हलणारी. तिच्यासाठी पट्ट्यांत बारा मिलिमीटर खोल खोबण असते आणि पॅनेलची कड तिच्यात नऊ ते दहा मिलिमीटरच शिरते. दोन्ही बाजूंना दोन-तीन मिलिमीटर मोकळी जागा. तिथे सरस जाता कामा नये, एक थेंबही. आडवलयांच्या ४०० मिलिमीटर रुंद ओकच्या पॅनेलला चार टक्के ओलाव्याच्या फरकात साडेपाच मिलिमीटर हलायचं असतं. दोन्ही कडा चिकटवल्या तर ते मध्यावर चिरूनच हलेल. चिरलेलं पॅनेल दिसलं की लाकडाला बोल लावू नये, खोबण तपासावी. बहुधा तिथे सरस किंवा जुन्या रंगाचे सात-आठ थर सापडतात. पॅनेल मध्यावर राहावं म्हणून वर-खाली फक्त मधोमध एकेक बारीक खुंटी चालते. आणखी एक, जे पहिल्या कोरड्या ऋतूतच उघडं पडतं: पॅनेलला तेल किंवा रंग जोडणीच्या आधी लावायचा, खोबणीत जाणाऱ्या कडांसकट. नंतर लावला तर पॅनेल आक्रसल्यावर कडेने कोऱ्या लाकडाची फिकट रेघ बाहेर येते.

पट्ट्यांच्या आतल्या कडेला गोलाईची कोर असेल, तर कोपऱ्यात ती कशी जुळवायची हा प्रश्न येतो. दोन्ही पंचेचाळीस अंशांत कापून जुळवणं सोपं आणि त्या दिवशी सुंदर. पट्टी आक्रसली की आतल्या टोकाला काळी फट पडते. त्यापेक्षा एका पट्टीची कोर सलग जाऊ द्यावी आणि दुसरीचं टोक गोल पटाशीने तिच्या आकाराचं उलटं कोरून तिच्यावर बसवावं. पट्टी आक्रसली तरी ती दुसरीवरून सरकते, फट उघडत नाही. जुन्या दारांत हे काम नुसतं पाहत बसावं इतकं नेटकं असतं.

खिडकीकडे वळलं की काच बोलू लागते. जुन्या खिडक्यांत तावदानं लहान लहान का, तर त्या काळी मोठी काच मिळतच नव्हती. फुंकलेल्या काचेचा गोळा दांड्यावर गरगर फिरवून त्याची मोठी तबकडी करत आणि तिच्यातून मधली गाठ टाळून तुकडे कापत. दुसरी रीत नळकांडं फुंकून, उभं चिरून, तापवून सपाट करण्याची. दोन्हींत हलकी लाट राहायची, आणि ती लाट हेच जुन्या खिडकीचं रूप आहे. वितळलेल्या कथलावर काच तरंगवून आरशासारखी सपाट करण्याची पिलकिंग्टन कंपनीची पद्धत १९५९ मध्ये जाहीर झाली, आणि नंतरच्या काचा एकदम मुक्या दिसू लागल्या. ब्रिटनमध्ये तर खिडक्यांवर १६९६ पासून १८५१ पर्यंत कर होता, काचेवर १७४६ पासून १८४५ पर्यंत वेगळा. लंडनमध्ये १७०९ च्या कायद्याने लाकडी चौकटी भिंतीच्या बाहेरच्या पृष्ठापासून चार इंच आत घ्यायला लावल्या, आगीच्या भीतीने. १७७४ च्या कायद्याने खिडकीची पेटी, म्हणजे सरकत्या खिडकीची वजनं लपवणारी पोकळ चौकट, विटांच्या मागे लपवली. म्हणजे चौकट भिंतीत किती आत बसलीय हासुद्धा घराच्या वयाचा पुरावा असतो. नवी खिडकी सोयीसाठी दोन इंच पुढे ओढली की तो पुरावा पुसला जातो. मोठी सलग काच बसवून तिच्यावर खोट्या काड्या, म्हणजे तावदानांमधल्या बारीक पट्ट्या, चिकटवण्याचंही मला समर्थन करता येत नाही. प्रत्येक तावदान वेगळ्या कोनात उजेड परतवतं, त्याची नक्कल एका काचेला जमत नाही.

काच बसवायची ती काडीच्या पतामात, म्हणजे कडेने कोरलेल्या पायरीत. काच पतामापेक्षा लांबी-रुंदीत दोन ते तीन मिलिमीटर कमी कापावी. काच पक्की करायचा लगदा, म्हणजे लांबी (पुट्टी), खडूची पूड आणि जवसाचं तेल मळून होते. वजनाने तेल साधारण सहाव्या भागाइतकं. कोऱ्या लाकडावर ती लावली की लाकूड तिच्यातलं तेल शोषतं, आणि वर्षभरात ती तडे जाऊन पडते. म्हणून पतामाला आधी तेलाचा हात. मग दोन-तीन मिलिमीटरची लांबीची गादी, तिच्यावर काच, कडेने दाबून. मधोमध दाबली की फुटते. साधारण दर वीस-पंचवीस सेंटिमीटरवर एक चूक, म्हणजे बारीक बिनडोक्याचा खिळा. मग बाहेरून तिरकी लांबी, आतल्या लाकडाच्या रेषेपेक्षा दोन मिलिमीटर मागे, म्हणजे आतून ती दिसत नाही. वर साय धरायला आठवडा ते दोन आठवडे लागतात. रंग देताना तो काचेवर दोन मिलिमीटर यायला हवा. हीच बारीक रेघ काच आणि लांबी यांच्यामधली फट झाकते. पातं घेऊन ती साफ खरवडून काढणारा खिडकी कुजवायला सुरुवात करतो.

वर-खाली सरकणाऱ्या खिडकीत चौकटीच्या पोकळ पेटीत वजनं लटकलेली असतात, दोरीने कप्पीवरून. काचेचं वजन दर चौरस मीटरला, दर मिलिमीटर जाडीला अडीच किलो. तीन मिलिमीटरच्या ०.५५ चौरस मीटर काचेचे झाले चार किलोंच्या आसपास; लाकडाचे साडेतीन धरले तर झडप, म्हणजे काचेसकट सरकणारा भाग, साडेसात किलोंची, आणि प्रत्येक बाजूचं वजन पावणेचार. वरच्या झडपेची वजनं पाव किलो जड आणि खालच्या झडपेची पाव किलो हलकी ठेवतात, म्हणजे वरची वर आणि खालची खाली आपणहून टेकून राहते. आता याच झडपेत सहा मिलिमीटर काच घातली की आणखी चार किलो वाढतात. वजनं तीच ठेवली तर झडप हातातून निसटून आदळते. काच बदलणाऱ्याने झडप तराजूवर ठेवल्याशिवाय परत लटकवू नये. आणि दोरीला रंग लावू नये; रंगलेली दोरी कडक होते आणि कप्पीवर तुटते.

पाण्याचा विचार दाराकडे आणि खिडकीकडे सारखाच. खिडकीच्या खालचं आडवं लाकूड बाहेरच्या बाजूला उतरतं हवं, आठास एक इतकं तरी. त्याच्या खालच्या पृष्ठावर, पुढच्या कडेपासून वीसेक मिलिमीटर आत, दहा रुंद आणि सहा खोल अशी चर कोरायची. पाणी पृष्ठ धरून मागे भिंतीकडे सरकतं, चरीपाशी आलं की त्याला पुढे जाता येत नाही आणि ते टपकतं. ही चर रंगाने किंवा गिलाव्याने भरली की वरचं सगळं काम फुकट जातं. लाकूड कुजायला त्यात २० टक्क्यांच्या वर ओलावा टिकून राहावा लागतो, आणि तो टिकतो तो टोकांच्या तंतूंत: दाराच्या उभ्या पट्ट्यांचे तळ, चौकटीचे पाय. लाकूड टोकांतून पाणी कडेपेक्षा कितीतरी पट वेगाने पितं. तळाला तेल पाजायला दार बिजागरीवरून उतरवावं लागतं, म्हणून ते कुणी करत नाही, आणि कुजणं तिथूनच सुरू होतं.

दार लावताना बिजागरीची आणि कुलपाची बाजू दोन-तीन मिलिमीटर मोकळी, खाली पाच-सहा. कुलपाकडची कड आतल्या अंगाला दोन मिलिमीटर तिरकी, नाहीतर दार फिरताना तिचा मागचा कोपरा चौकटीला लागतो. ४५ मिलिमीटरचं भरीव सागवानी दार पन्नास किलोंच्या पुढे जातं. तीन बिजागऱ्या, आणि तिसरी मध्यापेक्षा वरच्या बाजूला सरकवलेली, कारण ओढ वर असते. पितळी स्क्रू थेट पिळला की मान मोडते. आधी त्याच मापाचा लोखंडी स्क्रू घालून वाट करावी, काढावा, मग मेण लावून पितळी. ओकमध्ये लोखंड ठेवू नये. त्यातल्या टॅनिन या तुरट द्रव्याने लाकूड निळं-काळं पडतं आणि स्क्रूही खाल्ला जातो.

हे सगळं नव्याचं. जुनं उरलं असेल तर मात्र आधी टोच्या घेऊन ते तपासावं. रंगाखाली टोच्या सहज शिरला तिथपर्यंत कुजलेलं, जिथे अडला तिथून पुढे चांगलं. पाय कुजला म्हणून अख्खं दार टाकणं हा मला त्या लाकडाचा अपमान वाटतो. तसं दाट वाढीचं लाकूड आज सहसा मिळत नाही. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत ओकच्या पाच फळ्यांचं एक दार आहे. वलयं मोजून कळलं की त्याचं झाड १०३२ ते १०६४ च्या दरम्यान तोडलेलं. झुरिचमध्ये २०१० साली खोदकामात सापडलेलं दार त्याहून कितीतरी जुनं, सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीचं. कुजलेला भाग तिरका कापावा, उतार बाहेरच्या दिशेला, म्हणजे सांध्यात शिरू पाहणारं पाणी घरंगळून जाईल. जोडतुकडा त्याच जातीचा, तेवढ्याच ओलाव्याचा, वलयांची दिशा जुन्याशी जुळवलेली. जुन्या वास्तूंच्या जतनाबद्दलच्या १९६४ च्या व्हेनिस सनदेत म्हटलंय की हरवलेल्या भागाच्या जागी बसवलेलं नवं मूळ वस्तूशी सुसंगत असावं, पण मूळचं म्हणून खपू नये. सुताराला हे सोपं आहे: जोडतुकड्याच्या न दिसणाऱ्या बाजूला पटाशीने वर्ष कोरावं.

जुना रंग कोरडा घासू नये. अमेरिकेत घरगुती वापराच्या शिसेयुक्त रंगावर १९७८ मध्ये बंदी आली, त्याआधीच्या थरांत शिसं असणार असंच धरावं. ओलं करून खरवडावं, धूळ उडू देऊ नये. नव्या लाकडाला जवसाच्या तेलाचा रंग पातळ थरांत द्यावा, दोन थरांत एक-दोन दिवस सोडून. तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात फेकू नयेत. तेल वाळताना तापतं आणि चुरगळलेलं फडकं आपोआप पेटतं. ती पसरून वाळवावीत किंवा पाण्यात बुडवावीत.

लावल्यावर दाराला एक दमट आणि एक कोरडा ऋतू जाऊ द्यावा. मग पुन्हा पाहायला यावं. कुलपाच्या बाजूला कागदाची घडी वरपासून खालपर्यंत फिरवावी, जिथे अडते तिथे पेन्सिलने खूण करावी. दार उतरवून त्या खुणांपुरताच रंधा मारावा, बहुधा एखादा मिलिमीटर पुरतो, आणि उघडी पडलेली कड त्याच दिवशी तेलाने बंद करावी. उतरवलंच आहे, तर तळालाही तेल द्यावं.